सरकती पट्टी

बेचाळीस मिनिटांचा होता माझा व्हिडिओ :
भूजल, घटक तीन.
यावलला, मे महिन्यात,
स्टाफरूमच्या खिडक्या लावून, पंखा बंद करून,
कारण पंख्याची खरखर माईकात शिरते.
घाम पुसल्याचे दोन तुकडे कापले,
तरी एका ठिकाणी रुमाल दिसतोच.

उघडला सत्त्याऐंशी जणांनी.
सहाव्या मिनिटाला उरले एकोणीस.
तेविसाव्याला एक,
तो मीच, तपासायला बसलेलो.
परीक्षेत मात्र उत्तरं आली सगळ्यांची,
माझ्याच वाक्यांत,
पीडीएफमधल्या माझ्याच टंकनचुकीसकट.

फळ्यापुढे खडू मोडायचा.
मी वाकायचो तुकडा उचलायला
आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं.
व्हिडिओत खडू मोडत नाही.

हेमांगी फेगडे मॅडम, कॉम्प्युटर लॅबच्या, म्हणाल्या,
चौथ्या मिनिटाला थांबवू सर,
काहीतरी विचारू,
उत्तर दिल्याशिवाय पुढे सोडायचं नाही.
म्हटलं, हा तर टोलनाका झाला.
मग ओटा करा, त्या म्हणाल्या,
बसू द्या की पोरांना घटकाभर.

तीन आठवडे गेले.
मी कागदावर थर काढले हाताने :
काळी माती, पिवळी माती, वाळू, गोटे, पुन्हा माती.
त्यांनी त्याला एक पट्टी जोडली.
अंगठ्याने खाली ओढायची, जमीन उलगडत जाते,
आणि एका खोलीवर निळं लागतं.
शून्य ते दोनशे फूट.
दोनशे हा आकडा माझा, शहाण्णव सालचा,
तापीकाठच्या विहिरी
दोरीला दगड बांधून मी स्वतः मोजलेल्या.
खाली एक चौकट : तुमच्याकडे पाणी किती फुटांवर?

पहिलं उत्तर भुसावळहून : शून्य. नळ आहे.
सिकंदर तडवीने आवाज पाठवला,
मोटारीच्या घरघरीत तीन शब्द ऐकू आले,
त्यातला एक ‘बंद’.
मग किनगावचा मयूर :
सर, आमची बोर तं सातशेले लागली.
तुमची पट्टी दोनशेलेच काबर थांबते?

त्या रात्री मी जुना प्रबंध काढला.
दोरीच्या गाठींचे फोटो होते त्यात, पिवळे पडलेले.
सगळं बरोबर होतं.
फक्त पाणी तिथे नव्हतं.

पट्टी हजारापर्यंत नेली.
आता ती स्क्रीनवर मावत नाही,
तळाशी जायला अंगठा तीनदा उचलावा लागतो.
दुसऱ्यांदा उचलताना
बरेच जण थांबतात, असं आकडे सांगतात.
सोडून जात नाहीत. थांबतात.

रुमाली पावराने उत्तर उशिरा दिलं.
पाड्यावर रेंज नाही,
टेकडीवर चढून पाठवावं लागतं.
सर, आमच्याकडे फूट नाही, झरा आहे.
घरापासून बाराशे पावलं.
हे पट्टीत कुठं टाकू?

कुठेच टाकता येत नव्हतं.
माझ्या घटकात पाणी फक्त खाली होतं.
मॅडमनी मग एक आडवी पट्टी केली,
एका पावलाला एक टिचकी.
बाराशे कोण मारेल सर, त्या म्हणाल्या.
अकरा जणांनी मारल्या.
मी तीनशे चाळीसवर थकलो,
चष्मा काढला, अंगठा चोळत बसलो.

पुढच्या आठवड्यात टेकडीवरून
आणखी एक ओळ आली :
सर, ही जायची पावलं झाली.
येताना हंडा भरलेला असतो.

हंड्याचं वजन अंगठ्याला कसं कळवायचं
ते फेगडे मॅडमना अजून सुचलेलं नाही.
मलाही नाही.
वर्गाला विचारलंय.
घटक तीन अजून अपुराच आहे,
विद्यापीठाला तसं कळवलं नाही.